बंदरातला सुरुंग आणि रेक पॉइंटवरची रांग

रोहिणी संपून मृग लागला की विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एकच चौकशी सुरू होते: खताची रेक, म्हणजे मालगाडी, लागली का? अकोल्याला लागली म्हणतात, धामणगावला लागली म्हणतात, आपल्याकडे ट्रक कधी? कृषी केंद्रासमोर रांग असते. डीएपी खताच्या दोन थैल्यांमागे नको असलेल्या औषधाची बाटली गळ्यात मारणारे लिंकिंग असते. तेही करून डीएपी संपले, की १०:२६:२६ या मिश्र खतावर भागवा असा सल्ला मिळतो. रांगेतला कास्तकार दुकानदाराला शिव्या देतो, फार तर कृषी खात्याला. पण या रांगेचे दुसरे टोक तालुक्यात नाही आणि जिल्ह्यातही नाही. ते बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजापाशी आहे.

पालाश आपण जवळजवळ सगळे बाहेरून आणतो. डीएपी एक तर तयार येते, नाही तर त्याचा कच्चा माल, म्हणजे रॉक फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल, जहाजाने येतो. युरिया बराचसा देशात बनतो, पण तो ज्या वायूपासून बनतो त्यातला मोठा भाग द्रवरूपात टँकरमधून उतरतो. खताचे एक मध्यम जहाज ५०,००० टन माल आणते. ५० किलोच्या हिशोबाने या दहा लाख थैल्या झाल्या. एका रेकमध्ये साधारण २,६०० टन बसतात, म्हणजे एका जहाजाच्या मागे एकोणीस रेक. मृगाच्या पेरणीला लागणारा माल एप्रिल-मे मध्ये धक्क्याला लागला पाहिजे. त्या दोन महिन्यांत एक मोठे बंदर आठ दिवस बंद राहिले, तर ते आठ दिवस पुढे भरून निघत नाहीत. पाऊस बंदराची वाट पाहत नाही.

नौदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विक्रांत येते, ब्राह्मोस येते, ४ डिसेंबरची प्रात्यक्षिके येतात. त्यात गैर काही नाही. १९७१ मध्ये क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर केलेला हल्ला अभिमान वाटावा असाच होता. पण समुद्रापासून सात-आठशे किलोमीटर आत राहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर नौदलाचे पहिले काम शत्रूचे बंदर जाळणे हे नसून आपल्या बंदराचा दरवाजा उघडा ठेवणे हे आहे. आणि नेमक्या याच कामात आपल्या नौदलाला मोठे खिंडार पडले आहे. बंदराच्या मार्गात पेरलेले सुरुंग काढणाऱ्या सोव्हिएत बनावटीच्या १२ सुरुंगनाशक बोटी १९७८ ते १९८८ या काळात आपल्याकडे आल्या. त्यांत ‘रत्नागिरी’ आणि ‘कोकण’ या नावांच्याही होत्या. एकेक करून त्या निवृत्त झाल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये शेवटची ‘कोळिकोड’ गेली. त्या दिवसापासून या कामासाठी बांधलेले एकही जहाज नौदलाकडे उरले नाही. विमानवाहू जहाज दोन की तीन हा वाद जरूर घालावा. पण त्याआधीचा पैसा या खिंडारात पडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुंग काय करतो हे विदर्भाला समजावून सांगावे लागत नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक मारला गेला. एका स्फोटाने फक्त ते एक वाहन जात नाही. त्यानंतर त्या रस्त्यावरची प्रत्येक मोरी, प्रत्येक उकरलेली माती संशयित होते. पथकाने पायी जाऊन तपासल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. विहीर खणणाऱ्यांनाही हे माहीत आहे. दहा छिद्रे भरली आणि आवाज नऊच आले, तर दहाव्यासाठी कुणी विहिरीत उतरत नाही. काम थांबवण्याइतका धाक त्या न झालेल्या आवाजात असतो.

समुद्रातला सुरुंग याच तत्त्वावर चालतो, फक्त पाणी मध्ये आल्यामुळे तो जास्त हुशार झाला आहे. जुना प्रकार दोरखंडाचा. तळाशी वजन, त्याला तार, आणि तारेच्या टोकाला पाण्याखाली काही मीटरवर तरंगणारा शिंगांचा गोळा. शिंगात काचेची नळी असते, जहाजाचा धक्का लागला की ती फुटते, आतला द्रव वाहून विजेचे मंडल पुरे होते आणि स्फोट होतो. हे तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे आणि अजून चालते. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेची ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही फ्रिगेट ज्या सुरुंगावर आदळली, त्याचा मूळ आराखडा १९०८ चा होता. त्या सुरुंगाची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास धरली जाते आणि जहाजाच्या दुरुस्तीला सुमारे नऊ कोटी डॉलर लागले.

नवा प्रकार तळाशी झोपून राहतो. त्याला तार नाही, शिंग नाही, आणि जहाजाचा स्पर्श लागत नाही. लोखंडी जहाज वरून गेले की चुंबकीय क्षेत्र बदलते, पंख्याचा आवाज येतो, आणि जहाजाखालच्या पाण्याचा दाब किंचित कमी होतो. या तिन्हींपैकी एक, दोन किंवा तिन्ही खुणा जुळल्या तरच फुटायचे, असे त्याला शिकवता येते. त्यात मोजणीही ठेवता येते: पहिली सहा जहाजे जाऊ द्यायची, सातव्याला उडायचे. म्हणजे कालपर्यंत पाच जहाजे सुखरूप गेली, यावरून मार्ग मोकळा असल्याचे सिद्ध होत नाही. स्फोट जहाजाच्या बाजूला नव्हे, खाली होतो. वायूचा फुगा जहाज मधोमध उचलतो आणि सोडतो, आणि कणाच मोडतो. पाणी उथळ असेल तेवढे हे सोपे. तळाचे सुरुंग साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत चांगले काम देतात. मुंबईपुढचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, आणि जवाहरलाल नेहरू बंदराचा खणलेला मार्ग तर सुमारे १५ मीटरचा. सुरुंगवाल्याला याहून सोयीचे पाणी मिळणार नाही. वर आपल्याकडे चिखल. भरती-ओहोटीने तो हलतो, सुरुंग त्यात अर्धा-पाऊण रुततो आणि सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे पाहणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दिसेनासा होतो.

आता तो काढायचा कसा? दोरखंडाच्या सुरुंगासाठी बोट मागे लांब तार ओढते. तारेवर कातर बसवलेली असते, ती सुरुंगाची तार कापते, गोळा वर येतो आणि मग तो लांबूनच गोळ्या घालून फोडतात किंवा बुडवतात. हे झाडू मारण्यासारखे काम, म्हणून त्याला इंग्रजीत नावही झाडण्याचेच आहे. चुंबकीय आणि आवाजाच्या सुरुंगांसाठी बोट विजेचा केबल आणि भोंगा ओढते आणि खोट्या जहाजाचा देखावा उभा करते. दाबाचे सोंग मात्र सहजासहजी आणता येत नाही, कारण तेवढे पाणी ढकलायला तेवढेच जहाज लागते. म्हणून आधुनिक पद्धत शिकारीची आहे. सोनारने तळ पाहायचा, संशयित वस्तू दिसली की काही शे मीटरवर थांबायचे, दूरनियंत्रित यंत्र खाली पाठवून कॅमेऱ्याने ओळख पटवायची, आणि सुरुंग असेल तर शेजारी छोटा स्फोटक ठेवून मागे यायचे. कुठे कुठे पाणबुड्याला स्वतः उतरावे लागते.

हे करणारी बोट स्वतः चुंबकीय असून चालत नाही, हे उघड आहे. म्हणून तिचा सांगाडा लाकडाचा, काचतंतूंच्या प्लास्टिकचा किंवा खास पोलादाचा करतात, इंजिनेही अचुंबकीय धातूंची, आवाज दाबलेली. साधा पाना कुठे ठेवला आहे याचीही नोंद लागते. त्यामुळे आकाराने लहान असली तरी ही बोट स्वस्त नसते, आणि तिचे सगळे दुखणे तिथेच आहे. १२ बोटी गोव्याच्या जहाजबांधणी कारखान्यात दक्षिण कोरियाच्या मदतीने बांधण्याची मागची योजना सुमारे ३२,००० कोटींची होती. म्हणजे एकेक बोट अडीच हजार कोटींच्या पुढे. तंत्रज्ञान हस्तांतर आणि किमतीवर वाटाघाटी अडल्या आणि २०१८ मध्ये ती गुंडाळली गेली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांना पुन्हा तत्त्वतः मान्यता दिली. ही चांगली गोष्ट आहे. पण तत्त्वतः मान्यता, निविदा, करार, सांगाडा, चाचण्या, आणि मग जहाज, या वाटेवर आपल्याकडे वर्षे जातात. सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ चा, पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली आणि सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ ला.

वेळेचा हिशोब थोडा करून पाहू, कारण सगळा प्रश्न वेळेचाच आहे. समजा बंदराचा मार्ग २० सागरी मैल लांब आहे, म्हणजे ३७ किलोमीटर, आणि ५०० मीटर रुंद. सोनारने एका फेरीत विश्वासाने १०० मीटरचा पट्टा पाहता येतो असे धरा. थोडे एकावर एक घेऊन सहा फेऱ्या, म्हणजे १२० मैल. ताशी तीन मैलांच्या वेगाने ४० तास. त्यात शंभर संशयित वस्तू सापडल्या: टायर, पिंप, तुटलेला नांगर, बुडालेल्या होडीचा सांगाडा. प्रत्येकीची ओळख पटवायला पाऊण तास धरला तर ७५ तास. एक बोट अखंड चालली तरी पाच दिवस. आता हाच मार्ग दरवर्षी शांततेच्या काळात पाहून ठेवलेला असेल आणि त्या शंभरातल्या ऐंशी वस्तू नकाशावर आधीच असतील, तर उरलेल्या वीस वस्तूंना १५ तास लागतील. पाच दिवसांचे काम सव्वादोन दिवसांवर येते. आकडे उदाहरणाचे आहेत, पण तर्क तोच राहतो. पांदणीवर रोज जाणाऱ्याला काल नसलेला दगड लगेच दिसतो. परक्याला सगळेच दगड सारखे. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडे सर्वेक्षण जहाजे आहेत. ‘संधायक’ फेब्रुवारी २०२४ मध्ये, ‘निर्देशक’ डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाले. तेव्हा बोटी येईपर्यंत हे अर्धे काम तरी आजपासून करता येण्यासारखे आहे.

‘मुंबईसमोर कोण येऊन सुरुंग टाकणार?’ हा प्रश्न दिल्लीतही ऐकू येतो. उत्तर १९१७ चे आहे. ‘वोल्फ’ नावाचे जर्मन जहाज, साधे मालवाहू दिसणारे, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कोलंबो आणि मुंबईसमोर सुरुंग पेरून निघून गेले. चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळ त्यांतल्याच एकावर आदळून बुडाले. पेरणारा तोवर हजारो मैल दूर गेला होता. आज तर पाणबुडीच्या टॉर्पेडो नळीतून सुरुंग सोडता येतात, आणि त्याहून साधा मार्ग मासेमारी बोटीचा. २००८ च्या नोव्हेंबरात ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट पळवूनच हल्लेखोर मुंबईपर्यंत आले होते. १९५० मध्ये कोरियाच्या वॉन्सान बंदरापुढे सुमारे तीन हजार सुरुंग पेरले गेले, तेही बहुतांशी साध्या होड्यांतून. जगातले सर्वांत बलाढ्य आरमार त्यापुढे जवळजवळ दीड आठवडा खोळंबले.

आपल्या शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे आणि आपण ते विसरलो आहोत. १९७१ च्या युद्धात चितगाव बंदराच्या मार्गात सुरुंग टाकले गेले. युद्ध डिसेंबरात संपले, पण नव्या बांगलादेशात धान्याची जहाजे यायची तर आधी मार्ग साफ व्हायला हवा होता. एप्रिल १९७२ मध्ये सोव्हिएत नौदलाचे पथक आले आणि ते काम जून १९७४ पर्यंत चालले. युद्ध दोन आठवड्यांचे, सफाई दोन वर्षांची. त्याच सुमारास व्हिएतनाममध्ये हायफाँग बंदर ९ मे १९७२ रोजी विमानांतून टाकलेल्या ३६ सुरुंगांनी बंद झाले, पुढे आणखी टाकले गेले. १९७३ मध्ये अमेरिकेने आपलेच सुरुंग काढायला जहाजे आणि हेलिकॉप्टरे लावली, तेव्हा महिनोन्‌महिने झाडून सफाईत फुटलेला सुरुंग एकच निघाला. बाकीचे मुदत संपून निकामी झाले होते किंवा आपोआप फुटून गेले होते. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर कप्तानाला आणि विमा कंपनीला ‘आता जा’ असे अधिकाराने सांगता यावे म्हणून.

सुरुंगनाशक बोटीचे खरे काम हे आहे, असे मला वाटते. ती सुरुंग काढते त्याहून जास्त, ती सुरुंग नसल्याची खात्री देते. बंदर बंद करायला सुरुंग टाकावाच लागतो असे नाही. ‘आम्ही टाकले आहेत’ एवढी घोषणा किंवा तरंगताना दिसलेले एक पिंप पुरते. युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता त्याच दिवशी वाढतो, जहाजमालक दुसरे बंदर धरतो. विनाशिका पाठवून ही अफवा खोडता येत नाही, पाणबुडी पाठवून येत नाही, विमानवाहू जहाज तर अशा पाण्यात आणायचेच नसते. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकी सुरुंगांवर काही तासांच्या अंतराने जी दोन अमेरिकी जहाजे आदळली, त्यांतले ‘त्रिपोली’ हे तर सुरुंगसफाईच्याच मोहिमेचे मुख्य जहाज होते आणि ‘प्रिन्स्टन’ अत्याधुनिक क्रूझर.

२०२२ मध्ये युक्रेनच्या बंदरांपुढे हेच झाले. युद्ध सुरू झाले, काळ्या समुद्रात सुरुंग आले, काही सुटून तरंगत तुर्कस्तान-रुमानियापर्यंत गेले. सूर्यफुलाच्या तेलाचा पिपा किती वर गेला होता हे विदर्भातल्या किराणा दुकानदारांना आठवत असेल. त्यामागे एकटे सुरुंग नव्हते, पण बंदरे बंद राहण्यात त्यांचा वाटा होता. शेवटी तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया यांनी जानेवारी २०२४ मध्ये सुरुंगसफाईसाठी संयुक्त गट केला. तीन मध्यम देशांकडे त्या कामाच्या बोटी होत्या म्हणून तो करता आला.

इथे विदर्भातला कास्तकार एक आडवा प्रश्न विचारू शकतो, आणि तो विचारलाच पाहिजे. समुद्र उघडा राहिला म्हणून आमचे भले काय झाले? १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, नंतर ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, आणि ऐन वेचणीत बाहेरची गाठ बंदरात उतरली. पाम तेल उतरले की सोयाबीन पडते. दार बंदच राहिले तर बरे नाही का? ही चीड रास्त आहे, पण निशाणा चुकतो. शुल्काचे दार दिल्लीत एका अधिसूचनेने उघडते आणि मिटते, आणि त्यासाठी भांडता येते. सुरुंग गाठ आणि थैली यांत भेद करत नाही. कापूस दिवाळीला विकायचा, पण डिझेल, खत आणि फवारणीच्या औषधांचा कच्चा माल त्याच्या चार-सहा महिने आधी लागतो. बंद समुद्राचा मार पहिल्यांदा खर्चावर बसतो, भावाचा फायदा मिळाला तर नंतर. शिवाय गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ बाहेर जातो तोही समुद्रानेच.

मग हे काम मागे का पडले? पैशाचे कारण खरे आहे, पण अपुरे. दुसरे कारण नौदलाच्या रचनेत आहे. दिल्लीत नौदलप्रमुख, त्यांच्या खाली तीन कमांड: पश्चिम मुंबईला, पूर्व विशाखापट्टणमला, दक्षिण कोचीला, आणि यातली शेवटची मुख्यतः प्रशिक्षणाची. अंदमान-निकोबारची कमांड २००१ पासून तिन्ही दलांची मिळून आहे. पश्चिम आणि पूर्व कमांडकडे एकेक लढाऊ ताफा. ताफा खोल समुद्रात जातो, एडनच्या आखातात जातो. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेने आणि मार्कोस कमांडोंनी ‘रुएन’ जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणले आणि १७ खलाशी सोडवले, ते भारतीय किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटरवर. हे काम दिसते, छापून येते, आणि यावेच. बंदराच्या दारात चिखल पाहत ताशी तीन मैलांनी फिरणारी बोट ताफ्याबरोबर जात नाही, ती स्थानिक संरक्षणाच्या खात्यात पडते. तिची बातमी होत नाही. संयुक्त कवायतीत परदेशी पाहुण्याला ती कुणी दाखवत नाही. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की तिच्या बाजूने बोलणारा वजनदार माणूस खोलीत नसतो.

याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी १६ बोटी बांधायला दिल्या आहेत. त्यांतली पहिली ‘अर्नाळा’ जून २०२५ मध्ये दाखल झाली. बोटी उपयोगी आहेत, हव्याच होत्या. त्यांतल्या काहींना ‘माहे’, ‘मालवण’, ‘मांगरोळ’ ही जुन्या सुरुंगनाशक बोटींची नावे दिली आहेत. गंमत अशी, की या नव्या बोटींना सुरुंग टाकण्याची सोय आहे, काढण्याची नाही. नावे वारशाने आली, धंदा आला नाही.

तिसरे कारण जबाबदारीच्या वाटपाचे. २६/११ नंतर, २००९ मध्ये, किनाऱ्यासह सगळ्या सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली गेली. पण किनाऱ्यालगत सागरी पोलीस राज्याचे, त्यापुढे तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाचे, मोठी बंदरे केंद्राच्या बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाची, लहान बंदरे राज्याच्या मेरीटाइम बोर्डाची, आणि खताचे जहाज रसायन व खते मंत्रालयाच्या यादीतले. संशयित वस्तू दिसली तर मार्ग बंद करणार बंदराचा अधिकारी, जहाजांना इशारा जाणार देहरादूनहून, कारण या समुद्रभागाच्या इशाऱ्यांचे समन्वयक ते आहे. आणि तपासणार नौदल. कागदावर हे जुळते. पण मार्ग पुन्हा उघडण्यावर सही कुणाची, किती टक्के खात्रीवर, हे आधी ठरलेले आणि तालीम केलेले असावे लागते. कारण शंभर टक्के खात्री या धंद्यात कुणीच देत नाही. किती धोका उरला, एवढेच सांगता येते. मोजणीचा सुरुंग असू शकतो म्हणून एकाच पट्ट्यावरून अनेकदा फिरावे लागते, आणि कुठे थांबायचे हा शेवटी माणसाचा निर्णय असतो.

माणसाचा विषय निघालाच आहे. सोनारच्या पडद्यावर टायर आणि सुरुंग यांतला फरक ओळखणारी नजर पुस्तकाने येत नाही, तासन्‌तास तळ पाहून येते. २०१९ नंतर ती नजर तयार करणारी जहाजेच नाहीत, आणि जुनी माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. वरून भरती आता अग्निवीराची, चार वर्षांची, त्यांतले २५ टक्के कायम. आपल्या गावांतली पोरे पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात, त्यांतली थोडी नौदलाकडेही वळू लागली आहेत. ओडिशातल्या चिल्का इथे प्रशिक्षण, मग जहाज, मग कामात हात बसतो तोवर तिसरे वर्ष उजाडते. सुरुंगशोधनासारख्या कामात चार वर्षांची नोकरी म्हणजे तूर फुलोऱ्यात असताना शेत सोडून जाणे. पाणबुडे, सोनारवाले आणि दूरनियंत्रित यंत्रे चालवणारे यांच्यासाठी कायम ठेवण्याचे प्रमाण वेगळे आणि बरेच जास्त असावे. त्याचा खर्च एका बोटीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

तिसऱ्या विमानवाहू जहाजाची बाजू मी उडवून लावत नाही. दोन असली की एक दुरुस्तीत जाते, आणि पूर्वेला-पश्चिमेला एकाच वेळी हवे असेल तर तीन लागतात, हे गणित बरोबर आहे. ‘विक्रांत’ला सुमारे २०,००० कोटी लागले, तिसऱ्याला जास्त लागतील, विमाने वेगळी. पण विमानवाहू जहाजही बंदरातूनच बाहेर पडते. त्याच्यापुढे मार्ग तपासणारे कुणी नसेल तर दीड हजार माणसांसह ते धक्क्याला बांधून ठेवावे लागेल. म्हणून क्रम महत्त्वाचा. वाढवणचे नवे बंदर ७६,००० कोटींचे आहे, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला आणि तो त्या बंदराला जोडण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. एवढ्या रस्त्याचा शेवटचा, पाण्याखालचा तुकडा राखायला किती बोटी, हा आकडा त्या खर्चाच्या शेजारी लिहिलेला असावा.

सगळे काम मोठ्या खास जहाजांनीच व्हावे असेही नाही. कंटेनरमध्ये बसणारे सोनार, मानवरहित बोटी आणि दूरनियंत्रित यंत्रे यांचा संच साध्या टगवर किंवा बंदराच्या बोटीवर चढवता येतो. विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या संशोधन संस्थेने दोन-चार माणसांना उचलून नेता येतील अशी स्वयंचलित पाणबुडी यंत्रे या कामासाठी विकसित केली आहेत. चिखलात रुतलेल्या सुरुंगापुढे आणि पावसाळी लाटांत ती कमी पडतील, म्हणून खास जहाजांची जागा ती घेणार नाहीत. पण मोठ्या १२ बंदरांत प्रत्येकी एक संच, तो चालवणारे पक्के मनुष्यबळ आणि दरवर्षी मार्गाचे सर्वेक्षण, एवढे जहाजांची वाट न पाहता करता येते.

विदर्भातून लोकसभेत दहा खासदार जातात. संरक्षणाच्या चर्चेत आपल्या भागाची आठवण निघते ती पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे, भद्रावती आणि भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणींमुळे. त्या जोडीला त्यांनी आणखी काही विचारावे. सुरुंगनाशक जहाजांचा करार कोणत्या महिन्यात होणार आणि पहिले जहाज कोणत्या वर्षी पाण्यात उतरणार? मुंबई, कांडला आणि विशाखापट्टणमच्या मार्गांचे तळाचे सर्वेक्षण शेवटचे केव्हा झाले? सुरुंगशोधनाचे प्रशिक्षण घेतलेली किती माणसे आज सेवेत आहेत? हे आकडे गोपनीय म्हणून मिळाले नाहीत, तरी एक प्रश्न खत मंत्रालयाला विचारता येईल आणि त्यात गोपनीय काही नाही. मे महिन्यात यांतले एक बंदर आठ दिवस बंद राहिले, तर अकोल्याची रेक कोणत्या बंदरातून भरायची, याचा कागद कुणाच्या टेबलावर आहे?